रेस कारचं पासिंग

"ब्रेक कुठाय?"

कुठलीही नवी वस्तू समोर आली की साहेब आधी कमरेत वाकायचे, बोटाच्या पेरानं तिच्यावर दोनदा टकटक करायचे आणि हा प्रश्न विचारायचे. वस्तूला चाकं असलीच पाहिजेत अशी अट नव्हती. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा तो जिन्यातून वर नेणाऱ्या दोन हमालांना त्यांनी मधल्या वळणावर अडवलं, वाकले, टकटक केलं. हमाल फ्रिज पाठीवर घेऊनच म्हणाले, "ब्रेक नाही साहेब, फ्रिज आहे." "मग घसरला तर थांबवणार कोण?" साहेबांनी विचारलं. हमालांना उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही अजून सुचलेलं नाही.

देशपांडे नगरातल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. उभी नोकरी त्यांनी गाड्या तपासण्यात काढली होती. आमच्या हुबळी-धारवाडात त्या हुद्द्याच्या माणसाला सरळ ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात, कारण गाडीचं पासिंग करताना तो ब्रेक दाबून बघतो. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी गल्लीसाठी ते ब्रेकसाहेबच राहिले. दारावर नावाची पितळी पाटी होती, पण ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. आता ती पाटीही नाही आणि साहेबही नाहीत.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याची नोकरी संपली पण सवय सुटली नाही. निवृत्त मास्तर फार तर तुमचं शुद्धलेखन काढतो. साहेब सगळंच तपासायचे आणि कशालाही पास करायचे नाहीत. शेजारच्यांच्या नातवाचा पांगुळगाडा त्यांनी नापास केला. आमच्या गच्चीतला झोपाळा नापास केला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या अण्णाचा हातगाडा तर तीनदा नापास झाला. शेवटी अण्णानं मागं लाल रिफ्लेक्टर लावले, पुढं सायकलची घंटी बसवली आणि चाकाखाली घालायला एक लाकडी ठोकळा दोरीनं बांधून ठेवला, तेव्हा कुठं साहेब त्याच्याकडून कोथिंबीर घ्यायला लागले.

एकदा समोरच्या कार्यालयातून नवरानवरीची गाडी निघाली होती. झेंडूच्या माळांखाली नंबर प्लेट झाकून गेलेली. साहेब भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. बँड थांबला. नवरदेव काच खाली करून म्हणाला, "सर, मुहूर्त आहे."

"लग्न झालंय की तुमचं. आता कसला मुहूर्त?"

साहेबांनी स्वतःच्या हातानं माळ बाजूला केली, नंबर मोठ्यांदा वाचला, टायर चाचपले. मग नवरीच्या डोक्यावर हात ठेवून नवरदेवाला म्हणाले, "टायर गुळगुळीत झालेत. दुसऱ्याची मुलगी घेऊन चाललाय, जपून जा." नवरी रडत होती ती हसायला लागली. तिच्या आईनं मात्र साहेबांकडं फार कृतज्ञतेनं बघितलं.

त्यांची स्वतःची गाडी पांढरी, चौकोनी आणि जुनी होती. तिचा वेग तीस. उतार असो, चढ असो, रस्ता मोकळा असो, तीस. साहेब लॅमिंग्टन रोडवर निघाले की त्यांच्या मागं रिक्षा, स्कूटर आणि एखादी बस अशी वरात लागायची. हॉर्नचा नुसता कल्ला. साहेब आरशात बघून समाधानानं म्हणायचे, "बघा, सगळे कसे शिस्तीत चाललेत." मी शिकवते ती शाळा लॅमिंग्टन रोडवरच. मी दोन-तीनदा त्यांच्या गाडीतून गेले आहे. चालत गेले असते तर पहिला तास बुडाला नसता.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्कांना जगातली प्रत्येक गोष्ट पास होती. दूध नासलं तर त्या म्हणायच्या, बरं झालं, पनीर झालं. चाळीस-पन्नास वर्षं त्या नापास करणाऱ्या माणसाबरोबर राहिल्या आणि त्यांचा स्वभाव काही बिघडला नाही. मला याचं फार नवल वाटायचं. आमच्या घरी नवऱ्यानं आमटीला एकदा नाव ठेवलं तरी माझा आठवडा जातो.

मग साहेबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डावी बाजू हळूहळू दिसेनाशी झाली. आधी दाढी करताना डाव्या गालावर खुंट राहायला लागले. मग गाडीचा डावा आरसा तुटला. नवा बसवला, तोही तुटला. एकदा रस्त्याकडेला रचलेल्या शहाळ्यांच्या ढिगाला गाडीचा कोपरा लागला आणि शहाळी रस्ताभर घरंगळली. साहेब खाली उतरले आणि शहाळीवाल्यालाच म्हणाले, "ढीग घातलाय, त्याला ब्रेक नको?" आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

हसणं थांबलं ते माझ्या शाळेतल्या एका सातवीतल्या मुलीमुळं. शाळा सुटली होती. ती सायकलवरून घरी निघाली आणि साहेबांची गाडी तिच्या अगदी जवळून गेली. गाडीची डावी बाजू सायकलच्या हँडलला घासली. मी शाळेच्या फाटकातच उभी होते. पोरगी पडली, कोपर सोलवटलं, दप्तर उघडून वह्या रस्त्यावर पसरल्या. मागून येणारी रिक्षा वेळेत थांबली म्हणून निभावलं. साहेब तिसाच्या वेगानं पुढं निघून गेले. त्यांना कळलंच नव्हतं.

संध्याकाळी मी खाली जाऊन सांगितलं. "माझ्या गाडीनं?" ते म्हणाले. परत म्हणाले, "माझ्या?" मग बिस्किटांचे दोन पुडे घेऊन ते मला बरोबर घेऊन त्या मुलीच्या घरी गेले. चालत. मुलीची आई दार उघडून काही बोलायच्या आत साहेब अंगणात वाकून सायकल बघत होते. मागचा ब्रेक लागत नव्हता. ती सायकल त्यांनी जागच्या जागी नापास केली, स्वतः ढकलत दुकानात नेली आणि दुरुस्त करून आणून दिली. आई इतकी गोंधळली की तिनं साहेबांनाच थँक्यू म्हटलं. त्या रात्री ते जेवले नाहीत असं अक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा गाडी काढली.

मला त्यांचा असा राग आला होता की दोन दिवस मी जिन्यात भेटले तरी बोलले नाही.

त्या वर्षी त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि लायसनही त्याच दिवशी संपत होतं. नवं करायला डॉक्टरची सही लागते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सही करायला साफ नकार दिला. साहेबांनी गल्लीत सांगितलं, "तो माझ्याकडं लायसनच्या ट्रायलला आला होता. दोनदा नापास केलेला आहे त्याला. सूड काढालाय." डॉक्टरांचं वय बघता साहेब निवृत्त झाले तेव्हा ते शाळेत असतील, पण हे सांगायचं कुणी?

अक्कांनी मग तोड काढली. साहेबांचा भाचा बसू कलघटगीला असतो. शेती आहे, मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं गाडी घेऊन जावी. साहेब सोमवारी हो म्हणाले आणि मंगळवारी गाडीची किल्ली जानव्याला बांधून बसले. अंघोळीलाही ती सुटेना. "आता हिसकावून कशी घेऊ गं मी?" अक्का मला म्हणाल्या. "आणि हे परत कुणाच्या तरी पोरीला..."

वाढदिवस रविवारी होता. आधीच्या गुरुवारी साहेब आमच्या दारात उभे राहिले.

"बाई, किल्ली देतो. एक अट आहे."

"सांगा."

"मला रेस कारचा केक पाहिजे. घरी केलेला. बेकरीतला नको. मी पासिंग करणार. पास झाला तर बसूनं गाडी न्यावी."

मला वाटलं डोळ्याचं औषध डोक्यात गेलं. आयुष्यभर तीसवर गाडी हाकणारा माणूस आणि रेस कार? मी कारण विचारलं.

"सगळ्या गाड्या बघून झाल्या की हो," ते म्हणाले. "ट्रक बघितला, ट्रॅक्टर बघितला, अँब्युलन्स, शववाहिका. सर्कशीची हत्ती नेणारी गाडी बघितली, हत्तीसकट. रेस कार तेवढी कधी पासिंगला आली नाही. ती एक राहिली." हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की मला नाही म्हणता येईना.

"आणि नापास झाली तर?"

साहेबांनी जानव्याची किल्ली मुठीत घेतली. उत्तराची गरजच नव्हती. नापास झाली तर सोमवारी लॅमिंग्टन रोड, विनालायसन, डावी बाजू अंधारात, आणि शाळा सुटायची वेळ. माझ्या लक्षात आलं की आजवर कशालाही पास न केलेल्या माणसाकडून आम्हाला एक केक पास करून घ्यायचा आहे. तोही माझ्या हातचा. मी वर्षातून दोनदा केक करते आणि तो दोन्ही वेळा मधोमध बसतो.

मी मोबाइलवर रेस कारचा फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि एकेक दोष काढायला सुरुवात केली. नंबर प्लेट नाही. हॉर्न दिसत नाही. स्टेपनी नाही. आणि सीट एकच. मी समजावलं, रेसच्या गाडीला नंबर प्लेट नसते, स्टेपनी नसते, आणि माणूस एकटाच असतो.

"विनानंबर गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही," साहेब म्हणाले. "स्टेपनी पाहिजेच. आणि एकटा कसा जाईल? हिला कुठं बसवायचं?"

म्हणजे आमच्या धारवाड जिल्ह्याच्या केए पंचवीस नंबराची, स्टेपनीवाली, दोन सीटची रेस कार. मी लिहून घेतलं.

कामाची वाटणी साहेबांनीच केली, अक्कांनाही तेच सांगणार होते. केक अक्का कुकरमध्ये मीठ पसरून भाजणार. त्यांचा हात चांगला. गाडीचा आकार आणि वरचा लाल रंग माझ्याकडं. रविवारी सकाळी अकराला मी लाल आयसिंगचं पातेलं घेऊन खाली गेले आणि दारातच थबकले. घरात कढीपत्त्याच्या फोडणीचा वास भरला होता.

"अक्का, केक कुठाय?"

"हा की."

ओट्यावर दोन लांबट केक होते, उत्तम फुगलेले. रंग जरा हिरवट. मी कोपरा मोडून तोंडात टाकला आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"अक्का! यात मिरच्या आहेत!"

"मग? खार केकात मिरच्या नको?"

"खार नाही हो अक्का, कार! कार केक! गाडी! मोटार!"

अक्का हातातला झारा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. "अगं बाई! मला म्हणाले, 'वाढदिवसाला खार केक केलास तर किल्ली देतो.' मला वाटलं, साखर वाढलीय म्हणून तिखट मागालेत. म्हटलं, चला, अक्कल आली." मग जरा विचार करून म्हणाल्या, "कार कशाला खाईल गं माणूस?"

दोष अक्कांचा नव्हता. आमच्याकडं कानडीत तिखटाला खार म्हणतात. बेकरीत खारा बन मिळतो, खारा टोस्ट मिळतो, आणि घाईत बोलताना निम्मं गाव त्यातल्या ख चा क करून टाकतं. त्यात साहेबांची कवळी सैल. वर मराठीत खार म्हणजे झाडावरची खार. तेव्हा साहेब गाडी मागालेत, मिरची मागालेत की शेपटीवाला प्राणी, हे ऐकणाऱ्यानंच ठरवायचं. अक्कांनी प्राणी धरला नाही हे आमचं नशीब.

मी घड्याळ बघितलं. बसू चारला येणार होता. "दुसरा भाजू या," मी म्हणाले.

अक्कांनी पातेल्यातल्या माझ्या आयसिंगकडं पाहिलं. "त्यांना गोड चालतं काय गं? पंचाहत्तरीचा केक त्यांनी नुसता बघत बसायचा?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार दिवस मी गाडीचा विचार करत होते, खाणाऱ्याचा केलाच नव्हता. मला माझीच लाज वाटली. मी आयसिंग वर घरी ठेवून आले. ते आम्ही पुढं आठ दिवस ब्रेडला लावून संपवलं आणि नवऱ्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही.

मग खारी गाडी बांधायला घेतली. एक केक अंगाला, दुसरा तासून नाकाडाला. दह्याचा चक्का टांगलेला होताच, त्यात ब्याडगी मिरच्या भिजवून वाटून घातल्या. असा लालभडक रंग आला की कुठल्याही कारखान्यात मिळायचा नाही, आणि तिखट जेमतेम. उरलेल्या केकातून वाटीनं गोल चकत्या पाडल्या, चार चाकं आणि एक स्टेपनी, आणि त्या कारळ्याच्या काळ्या चटणीत घोळवल्या. टायर हुबेहूब. चाकं टूथपिकनं बसवली. केकाच्याच दोन वड्यांच्या दोन सीट, स्टिअरिंगला एक छोटं कडबोळं, दिव्यांना डाळिंबाचे दाणे, हॉर्न म्हणून एक लवंग. मुळ्याच्या चकतीवर अक्कांनी काडेपेटीच्या काडीनं नंबर कोरला. मागच्या पंखाला तळलेला पापड. परातीत शेंगाची चटणी पसरून रस्ता केला. हुबळीचा वाटावा म्हणून मी बोटानं दोन खड्डेही पाडले.

साहेब तीन वेळा स्वयंपाकघराच्या दारात येऊन गेले. "बांधकाम चाललंय, आत यायचं नाही," अक्कांनी तिन्ही वेळा दार लावून घेतलं.

चारला बसू आला. कलघटगीहून मोटरसायकलवर आलेला, उपाशी, दणकट गडी. परात ओट्यावर ठेवून आम्ही दोघी बाहेरच्या खोलीतलं टेबल पुसायला गेलो, तेवढ्यात तो हात धुवायला आत गेला. मग आम्ही परात उचलून आणली. परात जड होती, पापड डुगडुगत होता, माझं सगळं लक्ष पापडावर.

साहेब अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होते. हातात परीक्षेचं पॅड, त्याला लावलेला पाठकोरा कागद, त्यावर पट्टीनं आखलेले रकाने. ते वाकले. परातीवर टकटक केलं.

"ब्रेक कुठाय?"

"पेडल आत आहे साहेब. शेवेचं."

"दिसत नाही."

"ड्रायव्हरला दिसतं."

साहेबांनी विचार केला आणि खूण केली. माझ्या जिवात जीव आला. हॉर्न बघितला. नंबर वाचला, मोठ्यांदा. मग पापडाकडं बोट केलं. "टपावर सामान? परवानगी?"

"सामान नाही, पंख आहे तो. वेगात गाडी उडू नये म्हणून."

"म्हणजे दाबून धरतो." त्यांना ते आवडलं. खूण. सीट दोन. खूण. दुसऱ्या सीटवर बोट ठेवून ते अक्कांना म्हणाले, "तुझी जागा." अक्का म्हणाल्या, "मिरच्यांत मी नाही बाई बसत." पण त्या लाजल्या.

"स्टेपनी आहे. आता चाकं." साहेबांनी उजवीकडून बोट फिरवलं. "एक, दोन." मग डावीकडं वाकले आणि बोट त्याच चालीत फिरवलं. "तीन, चार. चारही ठीक."

तेव्हा माझं लक्ष गेलं. डावीकडचं पुढचं चाक नव्हतंच. टूथपिक नुसती बाहेर आली होती आणि साहेबांचं बोट तिच्यावरून मोकळ्या हवेत फिरलं होतं. अक्कांनीही ते पाहिलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं. गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. पास, किल्ली, संपलं. साहेब मान खाली घालून कागदावर चार नंबरची खूण करत होते, अगदी सावकाश आणि नीट, आणि मला ते बघवेना.

दारातून बसूचा आवाज आला. "मामा, एक चाक मी खाल्लं."

सगळे वळले. बसूच्या मिशीला कारळ्याची चटणी लागली होती. "मला वाटलं वडा आहे," तो म्हणाला.

मला इतक्या जोरात हसू आलं की मी पदर तोंडावर दाबला. आणि मग साहेबांकडं बघितलं आणि हसू गेलं.

"कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"डावं. पुढचं."

त्यांनी पॅड टेबलावर ठेवलं. डावा हात परातीत घातला. मागच्या चाकापासून सुरुवात करून गाडीच्या अंगावरून बोटं पुढं पुढं नेली, टूथपिक लागेपर्यंत. तिथं ती थांबली.

"चार मोजली की मी," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. "मोजली. चार."

अक्का पुढं होऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"स्टेपनी दे," साहेब म्हणाले.

अक्कांनी मागची स्टेपनी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चाचपडत टूथपिक शोधली आणि चाक बसवलं. हलवून पाहिलं. घट्ट बसलं होतं. मग पॅड घेऊन त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. कागद माझ्या हातात दिला. वर लिहिलं होतं, गाडी पास. खाली लिहिलं होतं, इन्स्पेक्टर नापास.

जानव्याची गाठ सुटेना, इतकी घट्ट बसली होती. अक्कांनी सुई आणून सोडवली. साहेबांनी किल्ली बसूला दिली आणि ते खुर्चीवर बसून केक खायला लागले. दोन मोठे तुकडे खाल्ले, वर आणखी मागितला. "बॉडी चांगली भरलीय," म्हणाले. दुसरी सीट मात्र कुणाला घेऊ दिली नाही. ती ताटलीत काढून अक्कांपुढं ठेवली.

ऊन उतरल्यावर बसूनं गाडी फाटकाबाहेर काढली. साहेबांनी हात वर केला. बसू थांबला. साहेब गाडीच्या डाव्या बाजूला गेले आणि मागपासून पुढपर्यंत पत्र्यावरून हात फिरवत चालले. दार, आरसा, दिवा, टायर, सगळं हातानं बघितलं. मग बसूला ब्रेक दाबायला सांगितला आणि मला विचारलं, "लाल लागला काय?"

"लागला," मी म्हणाले.

"तीसच्या वर नको," त्यांनी बसूला सांगितलं आणि बाजूला झाले.

बसूनं वळणापर्यंत शब्द पाळला. वळल्यावर आम्हाला गाडी दिसेनाशी झाली, पण तिचा आवाज चढलेला ऐकू आला. साहेब कान देऊन ऐकत होते. "साठवर नेली बघा गाढवानं," ते म्हणाले, आणि आवाज पार विरेपर्यंत तिथंच उभे राहिले.

अक्का आत दिवा लावायला गेल्या होत्या. साहेब वळले. फाटकापासून त्यांच्या दारापर्यंत तीन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या ते रोज चढायचे-उतरायचे, गेल्या काही महिन्यांत तर पाय उंच उचलून, जरा जास्तच तोऱ्यात. आज ते पायथ्याशी थांबले. मला वाटलं, दमले. त्यांनी डावा हात माझ्याकडं केला.

"बाई, हात धरा," ते म्हणाले. "इथली पहिली पायरी मला वर्षभर दिसत नाही."

मी हात धरला आणि आम्ही दोघं एकेक पायरी चढून वर गेलो.